उल्कानच्या हातातला वाडगा

माझी थोरली जाऊ उल्कान हिने कशालाही सरळ चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. लग्न होऊन मी अत-बाशी गावाला आले त्या दिवशी तिने माझ्या हातची रोटी मोडली, उजेडात धरली आणि म्हणाली, "भूक असली तर खाता येईल." मी रात्रभर धुसफुसले. याहून मोठं कौतुक तिच्या तोंडून निघत नाही, हे मला फार पुढे कळलं.

तिचे वडील घोड्यांचे नावाजलेले पारखी आणि ती त्यांची एकुलती एक. म्हणून पारख तिच्याकडे आली. कुणाला रहवाल, म्हणजे हिसका न देता पळणारा, घोडा घ्यायचा असला की तो आधी आमच्या फाटकाशी उभा राही. उल्कान दात बघायची, खूर बघायची, मागून चाल बघायची. मग कुमिसने काठोकाठ भरलेला वाडगा एका हातात घेऊन खोगिरावर बसायची आणि पुलापर्यंत जाऊन यायची. घोडीचं ते आंबट दूध काठावरून ओघळलं नाही तर घोडा रहवाल. ओघळलं तर आल्या वाटेने परत. एकदा एका व्यापाऱ्याने कुरकुर केली, बाई, तुमचाच हात हलला असेल. तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "माझा हात हलत नाही. सांडलं तर घोडा खोटा." तेव्हापासून खोऱ्यात ही म्हणच झाली. आमचे हे चहा सांडला की अजून कपालाच खोटा ठरवतात.

पण सहा वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेही घोड्यावरून पडून नव्हे, अंगणातल्या बर्फावर घसरून. याची तिला इतकी शरम की परक्या माणसाला ती घोड्याचंच नाव सांगते. डॉक्टरांनी घोडा बंद केला. मोटारीचं म्हणाल तर तिला गाडी लागते. दार बंद झालं की पोट ढवळायला लागतं, ते उतरेपर्यंत. त्यामुळे दर उन्हाळ्यात तिचे यजमान, माझे थोरले भावजी तोक्तोसुन, घोड्या घेऊन वरच्या कुरणावर जायचे आणि ही खाली कोंबड्या राखत बसायची. त्या कोंबड्यांनाही तिने कधीच नापास केलं होतं.

यंदा निघताना भावजी म्हणाले, "गुडघे थकले. एवढा उन्हाळा वर काढतो. पुढच्या वर्षी कळप पुतण्याकडे." उल्कान "बरं" म्हणाली. त्या संध्याकाळी तिने माझ्या रोटीला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की हिच्या जिव्हारी लागलंय. लग्न झाल्यापासून हाड मोडेपर्यंत त्या कुरणावर ती उन्हाळाभर त्यांच्याबरोबर तंबू मांडत आली होती, आणि आता तो तंबू तिच्यावाचूनच शेवटचा उतरणार होता.

उन्हाळ्याच्या मध्यावर तिचा मुलगा कुबात बिश्केकहून आला. तो परदेशी पाहुण्यांना मोटरसायकलवरून देशभर फिरवणाऱ्या एका कंपनीकडे कामाला आहे. या खेपेला तो ज्या धुडावर बसून आला ते पाहून आमचा कुत्रा भुंकायचाच विसरला. पुढे काच, मागे तीन पेट्या आणि मागच्या माणसाला पाठ टेकायला आणि कोपर ठेवायला चक्क खुर्ची. शेजारपाजारचे जमले, "लोखंड मजबूत राहो," असा आशीर्वाद देऊन बटणं दाबायला लागले.

"आई, तुझ्याकडे काम आहे," कुबात म्हणाला. "ही आम्ही घ्यायची का नाही ते ठरत नाहीये. पुरुष पुढे बसून खूश असतात. बायका मागे बसतात, वाटेत नारिन शहरातच उतरतात आणि टॅक्सी करतात. मालक म्हणतो, मागे बसणाऱ्याचं मत आण."

"मग बायकोला बसव."

"तिला सातवा महिना आहे."

"म्हणजे मी उरलीसुरली," उल्कान म्हणाली आणि चष्मा शोधायला गेली.

चष्मा लावून तिने धुडाला तीन फेऱ्या घातल्या. टाकीवर थाप मारली. "पोट मोठं आहे. पाणी पिताना वेळ खाणार." मग मागे गेली. "पुठ्ठा रुंद आहे, हे बरं. पाय मात्र आखूड." कुबातने बटण दाबून गादी गरम करून दाखवली. तिने तळहात ठेवला आणि चटकन काढला. "याला ताप आहे."

"अगं आई, थंडीत बसायला."

"घोडा खालून तापला की आम्ही वैद्याला बोलावतो." मग त्याने गाडी यंत्रावरच मागे चालवून दाखवली. उल्कानने माझ्याकडे पाहिलं. "बातमा, मागे जाणारं जनावर मी आपल्या घरात एकच पाहिलंय." आमचे हे शेजारीच उभे होते. ते मिशीत हसले.

शिरस्त्राण चढवताना तिने डोक्यावरचा पांढरा रुमाल काढायला साफ नकार दिला, त्यामुळे ते अर्ध्यात अडकलं आणि आम्ही दोघींनी मिळून ते कढईवरच्या झाकणासारखं दाबून बसवलं. मग ती म्हणाली, "वाडगा आण."

मी काठोकाठ भरून दिला. एका हाताने कोपराचा दांडा, दुसऱ्या हातात वाडगा. कुबात पुलापर्यंत गेला आणि आला. सगळी गल्ली दारात उभी होती. वाडगा जसाच्या तसा होता, आणि तिला मळमळलंही नव्हतं. "तोंडावर वारा आहे, मग पोट कशाला रागावेल?" ती म्हणाली.

"मग? कशी आहे?" कुबातने विचारलं.

"इतक्यात कसं सांगू? घाम आल्याशिवाय घोडा कळत नाही. मोठ्या रस्त्याला घे."

आम्ही दोघं आमच्या जुन्या मोटारीत पीठ, साखर आणि बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, भरून मागे निघालो. चीनकडे जाणाऱ्या तोरुगार्तच्या रस्त्याला लागल्यावर कुबात थांबला. आता सांग, म्हणाला. उल्कान म्हणाली, चढ कुठे बघितलाय? चढ झाला. मग म्हणाली, चढ सगळेच चढतात, खरी परीक्षा उताराला. उतार झाला, तेव्हा तिला आठवलं की खिंडीपलीकडे वारा आडवा असतो आणि आडव्या वाऱ्यात घोडा बिचकतो की नाही ते पाहायलाच हवं. माझे हे चाक धरून खो-खो हसायला लागले. "ही बाई मत द्यायला चीनपर्यंत जाईल."

"चीनपर्यंत नाही," मी म्हटलं. "कुरणापर्यंत." इतकी हट्टी बाई, पण 'मला वर ने' एवढं तोंडाने म्हणणार नाही.

कुरणाच्या फाट्याला डांबर संपतं. कुबातने पाय टेकले. "आई, बस झालं. हे धूड डांबरासाठी आहे. खडीत पडलं तर उचलायला चार माणसं लागतील."

तिने मागे वळून आमची मोटार पाहिली. "चौघं आहोत की."

कुबातने हातमोजे घट्ट केले. मग त्याने दोन्ही पाय बदकासारखे बाहेर काढले आणि गाडी खडीत घातली. धूड गाभण म्हशीसारखं डुलत होतं. उल्कानने दोन्ही दांडे घट्ट धरले होते, आणि मी मोटारीत बसून माहीत असतील तेवढ्या सगळ्या पिरांना हाका मारत होते. ओढ्याशी खडी संपली. पुढे सपाट, मऊ गवत आणि त्यापलीकडे तंबूतून निघणारा धूर.

"थांब," उल्कान म्हणाली. "बातमा, वाडगा."

पेटीतून कुमिसची बाटली काढून मी तो पुन्हा काठोकाठ भरला. कुबात इतक्या हळू निघाला की मी पायी त्याच्या पुढे गेले असते.

भावजी शिंगरांच्या दाव्याशी वाकले होते. आवाजाने शिंगरं उधळली तसे ते शिव्या घालत उभे राहिले, पण शिरस्त्राणातली बाई पाहून एकदम मवाळ झाले. "कुबात, पाहुणीला आत बसव. चहा देतो. कुठल्या देशाची आहे?"

"अत-बाशीची," शिरस्त्राणातून आवाज आला. "आणि या शिंगरांची दावी कुणी बांधली? लग्नातल्या पताका लोंबताहेत जशा."

भावजींच्या हातातली बादली पडली. त्यांनी स्वतःच पुढे होऊन तिला उतरवलं, शिरस्त्राण ओढून काढलं, रुमाल सरळ केला. मग त्यांची नजर वाडग्यावर गेली. तो अर्धा रिकामा होता, आणि तिची बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"सांडलं," ते म्हणाले. "म्हणजे घोडा खोटा."

कुबातचं तोंड उतरलं. खोऱ्यातली म्हण त्यालाही पाठ होती.

उल्कानने तंबूकडे पाहिलं, घोड्यांकडे पाहिलं, मग वाडगा नवऱ्याच्या हातात दिला.

"घोडा चांगला आहे," ती म्हणाली. "हात माझा हलला."