दुसरा विमा आहे

दुपारचे अडीच वाजलेत. जेवलेली ताटं मोरीत तशीच पडलीत आणि मी फॉर्म भरता भरता बाहेरच्या खोलीत दिवाणावर आडवी झालेय. या खोलीलाच मी ऑफिस म्हणते. दारावर पाटी आहे, 'रत्नप्रभा मगदूम, विमा सल्लागार'. चार वाजता पद्मजावहिनी येणार आहेत, भूपालदादाच्या मृत्यूचा दाखला घेऊन. दादा माझा सख्खा थोरला भाऊ. सात आठवडे झाले त्याला जाऊन. स्वतःच गाडी चालवत होता, हायवेला उभ्या ट्रकच्या मागे घुसला.

आधीच सांगते, मला रडू येत नाही. भेटेल तो म्हणतो रडून घे, मोकळी हो. अहो, यायला तर पाहिजे! दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. ओढलेलं कळतंय, दुखत नाही.

वहिनींना वाटतंय, गाडीच्या विम्यातून पंधरा लाख मिळणार. त्यावर त्यांच्या लेकीच्या, श्रेयाच्या फार्मसीची पुढची दोन वर्षं निघणार, घर चालणार. चालवणारा मालक गेला तर मिळतात पंधरा लाख, खोटं नाही. फक्त तेवढा भाग पॉलिसीत घेतलेला लागतो. दादाच्या पॉलिसीत तो नाही. मीच काढला, हप्ता उतरवायला. आणि हे सांगायचं सोडून सात आठवडे मी म्हणतेय, "कागद पुढे गेलेत वहिनी, वेळ लागतो." कागद माझ्या कपाटात आहेत.

पंखा घरघरतोय. डोळे जड होतात. घरघर लांब जाते, परत जवळ येते.

"रत्ने, कितीला बसतंय?"

समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत दादा बसलाय. चौकड्याचा शर्ट, खिशाला टेस्टर. पंपाच्या मोटारींचं रिवायंडिंग करणाऱ्या माणसाच्या खिशाला टेस्टर नसला तर तो दादा कसला.

"दादा, तू गेलायस ना?" मी विचारते.

"हो की. पण गाडीचं रिन्युअल आलंय. कितीला बसतंय ते बोल."

मी आकडा सांगते. तो तोंड वाकडं करतो. "एवढे? स्टँडजवळचा तो पोरगेला एजंट तीनशेनं कमी सांगतोय. तू घरातली असून?"

मागच्या सालीही हेच म्हणाला होता, याच खुर्चीत. घरातली असून. माझे निम्मे नातेवाईक हे वाक्य म्हणतच दार ढकलतात.

खुर्च्या त्याच आहेत, पण आम्ही आरटीओच्या मैदानावर बसलोय, चुन्यानं आखलेल्या आठाच्या बरोबर मधोमध. एक रिकामी गाडी आमच्याभोवती वळणं घेतेय. आत कोणी नाही. दादा तिच्याकडे बघतही नाही.

"बोनस लावलास?" तो विचारतो.

"पन्नास टक्के. इतक्या वर्षांत तू एकदाही क्लेम घेतला नाहीस."

"घेतोय कशाला? बंपर वाकला तर मीच हाणून सरळ करतोय. पुढं?"

"पहिले अडीच हजार आपण सोसायचे असं लिहिलंय, त्यानं जरा उतरलं. गाडी जुनी झाली म्हणून पार्टच्या पूर्ण भरपाईचं काढून टाकलं."

"अजून?"

"अजून काही राहिलं नाही दादा."

"मग मागच्या साली कसं उतरवलंस?"

त्याला नाही, तुम्हाला सांगते कसं ते. फॉर्मवर एक रकाना असतो, मालकाचा दुसरा अपघात विमा आहे का? 'आहे' म्हटलं की इथं परत घ्यावा लागत नाही, आणि तीनशे तीस रुपये वाचतात. दादाकडे दुसरा विमा नव्हता. मी 'आहे'वर खूण केली. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक उठायला लागलं की ही खूण करतात. माणूस खूश होतो, चहा पिऊन जातो. खोटं लिहिलं असं वाटतही नाही, कारण मरतंय कोण एवढ्यात? आणि माझा सख्खा भाऊ स्टँडजवळच्या त्या पोराकडे गेला असता तर गावात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तेव्हा डोक्यात तेवढंच होतं. लाज वाटते सांगायला, पण तेवढंच होतं.

दादा दुकानात काउंटरमागे उभा आहे. तांब्याची तार गुंडाळतोय आणि गुंडाळी काही भरत नाही. बाहेर रांग लागलीय. मी नीट बघते तर सगळी माझीच गिऱ्हाइकं, एकतीस जण. प्रत्येकाच्या फॉर्मवर मी तशीच खूण केलेली आहे. कोणी भांडत नाही, कोणी काही विचारत नाही. नुसते उभे आहेत, आपला नंबर येईल म्हणून.

"दादा," मी म्हणते, "तुला माहीत होतं ना? सही तुझी आहे. कमी कर म्हणून तूच मागं लागला होतास."

मला एवढंच पाहिजे. एकदा हो म्हणाला की मी सुटले. मग वहिनींना सांगता येईल, दादानंच काढायला लावलं, मी काय करणार?

तो तार गुंडाळतच राहतो. "मी वाचतोय कुठं? तू वाचतेस म्हणून तर मी वाचत नाही."

रागानं म्हणत नाही. रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते, लहानपणापासून भांडतच आलोय आम्ही.

"बरं, एक सांग," तो म्हणतो. "आता तर मी चालवतच नाही. आता किती कमी होईल?"

खरंच विचारतोय तो. त्याला आकडा हवाय. मला हसू यायला हवं किंवा हंबरडा फुटायला हवा, यातलं काहीच होत नाही. मी मनातल्या मनात टक्केवारी काढायला लागते.

"होईल थोडं," मी म्हणते.

गाडी चाललीय. दादा चालवतोय, मी मागच्या सीटवर. रस्ता दुपारचा, पांढरा, रिकामा. लांब पुढे ट्रक उभा आहे. आम्ही जातोय आणि तो तेवढाच लांब राहतोय.

"फॉर्म भरून टाक," दादा म्हणतो.

"कागद नाही."

तो स्टिअरिंगवरचा डावा हात सोडतो आणि तळवा उघडा करून मागे धरतो. "यावर कर."

"दादा, दोन्ही हातांनी धर आधी."

"कर लवकर. माझा हात अवघडतोय."

मी त्याचा हात धरते. गरम आहे. तळव्याला तांब्याचा वास. पेन टेकवते, दाबून खूण करते.

"कशावर केलीस?"

मी बघते. "'आहे'वर."

"परत?"

"सवय झालीय रे. हात तिकडेच जातो."

तो आरशातून माझ्याकडे बघतो. डोळे त्याचेच, जरासे मिचमिचे. "पद्मजाला सांग मग. माझ्याजवळ कबूल करून काय उपयोग आहे?"

"त्या माझं तोंड बघणार नाहीत दादा."

"नसेल बघणार," तो म्हणतो आणि हात काढून घेतो. ट्रक आता जवळ आहे.

"रत्ना! अगं रत्ना, ऊठ. दार सताड उघडं टाकून झोपलीस?"

वहिनी. कडेला उभ्या आहेत, काखेत पर्स, हातात प्लॅस्टिकची पिशवी. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. मी उठून बसते. पेन उशीखाली गेलंय.

"दाखला मिळाला बघ एकदाचा," वहिनी पिशवीतून कागद काढत म्हणतात. "तीन खेपा मारल्या. आता काही अडायचं नाही ना?" मग थांबतात. "हातावर काय गिरवलंस गं?"

माझ्या डाव्या तळव्यावर निळी खूण आहे. दाबून केलेली, कातडी लाल झालीय.

गिऱ्हाइकाचं काहीतरी, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंच होतं.

"वहिनी, बसा. कागद पुढे गेलेले नाहीत. जाणारही नाहीत."

मी सगळं सांगते. रकाना, खूण, स्टँडजवळचा एजंट, सात आठवडे मारलेल्या थापा. दादानं काढायला लावलं, असं म्हणत नाही. गाडीचे पैसे येतील, माणसाचे येणार नाहीत, हेही सांगते. माझा आवाज अगदी रोजचा निघतो, पॉलिसी समजावून सांगताना असतो तसा. वहिनी दाखल्याची घडी घालतात, परत उघडतात.

"किती वाचले म्हणालीस?" शेवटी विचारतात.

"तीनशे तीस."

त्या माझ्या तळव्याकडे बघत राहतात.

"मला एक फोन करायचास की गं," वहिनी म्हणतात. "मी दिले असते."