मावशी घरी, इथं चौथा नंबर

मी सांगतेय यातलं एक अक्षर तरी खरं मानून दाखव, पोरी! नाही मानणार तू. माझी सख्खी बहीण मानत नव्हती, तू तर शेजारची.

पण तू ते परीक्षेचं जाडं पुस्तक घेऊन ओट्यावर बसतेस, 'लोकप्रशासन, लोकप्रशासन' घोकत, तेव्हा मला हसू येतं. अगं, ते बठ्ठं, सगळंच्या सगळं, मी पाणी भरता भरता ऐकलंय! एरंडोल सोडून धुळ्याच्या वाटेला लागलं की एक तालुक्याचं गाव येतं. नाव नाही सांगणार, तिथले काही जण अजून जिवंत शेतस. तिथल्या मामलेदार कचेरीत मी पाणी भरायचे. कचेरीत दोन गोष्टी आपोआप साचतात, दप्तरं आणि किस्से. दप्तरांना वाळवी तरी लागते!

आधी माझं दुखणं ऐक. नवरा सुरतेला गिरणीत गेला, तो सुरतेचाच झाला. पदरात दोन पोरी. कचेरीत मी हंगामी. म्हणजे आज आहे, उद्या साहेब 'नको' म्हणाले की चालू लागायचं. कायम शिपाई व्हायचं तर चौथी पासचा दाखला पाहिजे, आणि माझी शाळा तिसरीतच सुटलेली.

गणूभाऊ कारकून म्हणाला, "लिहून टाकू की चौथी पास! कोण बघतंय?"

आमचे अव्वल कारकून नाना. मामलेदारांच्या खालोखाल सगळी कचेरी त्यांच्या हातात. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी बघतोय," म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून नाना माझे वैरी!

* * *

वैऱ्याला काय सोडते मी? नानांना तपकिरीचा नाद. एका दुपारी त्यांच्या डबीत चिमूटभर मिरचीपूड मिसळली.

अकरा शिंका! मी मोजल्या. टोपी दारात, चष्मा टेबलाखाली. मी पदरात तोंड खुपसून माठामागे बसलेली. नानांनी डोळे पुसले, टोपी झटकली आणि हाक मारली, "दगूबाई!"

मला वाटलं, गेली नोकरी.

"मिरची कुठली?"

"भावाच्या शेतातली, नाना."

"चांगली तिखट शे. पाव किलो आण, घरी लागते. फुकट नको, पैसे घे."

गणूभाऊ म्हणाला, "नाना, हिच्यावर ठपक्याचा कागद नाही करायचा?"

"खोडी माझी काढली, कचेरीची नाही. कागद कशाला?"

असा माणूस! वैर तरी कसं धरायचं, सांग!

* * *

मग आले धाकटे साहेब. पुण्याकडचे, कोरे करकरीत. अधिकारी होण्याआधी काम शिकायला सहा महिने आमच्याकडे पाठवलेले. त्यांच्याजवळ असंच जाडं पुस्तक. दुपारी नानांना वाचून दाखवायचे, आणि मी कान तिकडे ठेवून माठ घासायचे.

एकदा वाचलं, अमेरिकेत कोणी घड्याळवाला होता. तो म्हणे मजुरांच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहायचा, कोणती हालचाल फुकट जाते ते टिपायचा आणि दुप्पट काम करून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी साहेब आडाजवळ घड्याळ घेऊन हजर!

मी पण कमी नाही. पहिल्या दिवशी नव्या नवरीसारखी चालले. साहेबांनी टिपून घेतलं. मग मला शिकवलं, दोन हंडे एकदम घे, इथून वळू नको, तिथं थांबू नको. दुसऱ्या दिवशी मी निम्म्या वेळात माठ भरले. साहेबांना आभाळ ठेंगणं! तीन पानी टिपण लिहिलं.

टिपण लिहून बाहेर येतात तो मी पायरीवर पाय पसरून सुपारी कातरतेय.

"दगूबाई, बसलात का?"

"साहेब, वाचलेला वेळ ठेवू कुठं? माठ तर भरला!"

नाना खिडकीतून म्हणाले, "साहेब, त्या अमेरिकावाल्याला पत्र टाका. पुढं काय करायचं ते विचारा!"

* * *

मग पुस्तकातून निघाला फ्रान्सचा खाणवाला. खाणीवर मोठा साहेब होता म्हणे. त्याचं म्हणणं, एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. हे मात्र मला पटलं! मला हुकूम देणारे नऊ जण. एकाला पाणी, दुसऱ्याला पान, तिसऱ्याच्या सायकलची हवा.

साहेबांनी मामलेदारांची सही घेऊन लेखी हुकूमच काढला. दगूबाईने काम फक्त नानांच्या सांगण्यावरून करावे.

दुसऱ्या दिवशी मामलेदारांना उचकी लागली.

"दगू... हिक्... पाणी!"

मी भरलेला पेला घेतला आणि गेले थेट नानांच्या टेबलाशी. "नाना, मामलेदार साहेब पाणी मागतात. देऊ का?"

मला वाटलं हसतील. नानांनी हुकूम काढला, शेवटपर्यंत वाचला. "साहेबांनी मला कळवायला पाहिजे. मग मी तुला सांगायचं."

"कळवतो!" आतून आवाज. "हिक्... द्या तिला... हिक्... सांगा!"

"आता दे," नाना म्हणाले.

जेवणाचे डबे उघडायच्या आत हुकूम रद्द! माझे नऊ मालक मला परत मिळाले.

* * *

पण तो तिसरा, जर्मनीवाला. तुझ्या पुस्तकात आहे ना, दाढीवाला? त्याची थट्टा करायला मी खूप बघितलं, जमली नाही. साहेब वाचत होते, खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपला-परका नसतो. माणसं येतात-जातात, खुर्ची राहते. नियम सगळ्यांना एक.

मी मनात म्हटलं, हॅ! इथं सेठ आला की खुर्ची, गरीब आला की ऊन.

त्याच आठवड्यात नानांची सख्खी मावशी सावद्याहून आली. जमिनीच्या कागदाची नक्कल पाहिजे होती. डोक्यावर केळीची पाटी, गळ्यात पुतळ्यांची माळ. मला बाजूला सारून थेट नानांच्या टेबलाशी.

"नानू, नक्कल दे लवकर, मोटार निघून जाईन!"

नाना उठले. सगळ्यांसमोर वाकून मावशीच्या पाया पडले. मग म्हणाले, "मावशी, खिडकीवर रांग आहे. तुझा चौथा नंबर."

"अरे मेल्या, मी तुझी मावशी!"

"मावशी घरी. इथं चौथा नंबर."

मावशीने जे तोंड सोडलं! नानांचं बारसं, नानांची मुंज, सगळं निघालं. पण उभी राहिली चौथी.

रांगेत पहिला होता डोंगराकडचा एक भिल्ल बाबा. तीन कोस चालून सकाळीच आलेला. नानांनी खिडकीतून हाक मारली, "या बाबा, तुमचा नंबर."

तो हलेना. त्याने मागे वळून पाहिलं, बाबा कोणाला म्हणतात ते बघायला. मागे तर कोणी सेठ-साहेब नव्हता. तेव्हा कुठं पुढं झाला.

मी माठाशी उभी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, ही कचेरी कशाला पाहिजे ते.

केळी? ती मी खाल्ली. चार. पाटीची रांग नव्हती!

* * *

दुसऱ्या दिवशी नानांनी मला विचारलं, "चौथी का नाही करत?"

"नाना, मी तीस वर्षांची घोडी!"

"नियम वाचला मी. कमीत कमी वय लिहिलंय. जास्तीत जास्त लिहायचं राहून गेलंय."

मग रोज डब्याच्या सुट्टीत शिकवणी. नाना खुर्ची सोडून बाहेर पायरीवर येऊन बसायचे. मी म्हटलं, "आत पंखा आहे ना, नाना?"

"खुर्ची सरकारची. शिकवणी माझी."

उन्हाळाभर पायरीवर! भाकरी एका हातात, भागाकार दुसऱ्या हातात. माझं उत्तर चुकलं की नाना तपकीर ओढायचे. डबी आधी हुंगून बघायचे, ते वेगळं!

परीक्षेला बसले तर आजूबाजूला सगळी नऊ-दहा वर्षांची पाखरं. माझे गुडघे बाकात मावेनात. शेजारची पोरगी हळूच म्हणते, "मावशी, भागाकार दाखव ना!"

मी म्हटलं, "मावशी घरी!"

पास झाले. दाखला घेऊन धावत नानांकडे गेले, तर नाना म्हणाले, "हातात नको देऊ. आवक खिडकीवर दे, शिक्का मारून घे, मग माझ्याकडे येईल." टेबल दोन पावलांवर, पण दाखला तीन दिवसांनी पोचला!

* * *

माझ्या नेमणुकीचा हुकूम आला तेव्हा नाना निवृत्त झालेले. मला बिल्ला मिळाला, पट्टा मिळाला. पण कायम नाही हं! सहा महिने काम बघणार, चांगला रिपोर्ट गेला तरच कायम. रिपोर्ट लिहिणार कोण? नवे अव्वल कारकून, म्हणजे आपला गणूभाऊ! आणि माझं काम काय? नकलेच्या खिडकीशी रांग सांभाळायची.

पाचवा महिना चालला होता. ऊन असं की कावळा आ वासून बसलेला. फाटकातून पांढरी टोपी आली. नाना! तीस वर्षांची सवय, सरळ रांगेच्या बाजूने दाराकडे निघाले.

मी हात आडवा केला.

"राम राम, नाना. खिडकीवर या. पाचवा नंबर."

अख्ख्या रांगेच्या माना वळल्या. गणूभाऊ आतून धावत आला. "दगूबाई, अकलेचं काय केलं? नानांना अडवतेस? सोड आत! रिपोर्ट मला लिहायचाय, ध्यानात ठेव!"

दोन्ही पोरींची तोंडं डोळ्यांसमोर आली. पण हात नाही काढला.

"पाचवा नंबर," मी म्हटलं.

नानांनी माझा बिल्ला बघितला. टोपी नीट केली. गेले आणि पाचवे उभे राहिले. गणूभाऊने खुर्ची पाठवली, ती परत केली. मी पाणी नेलं, तर म्हणाले, "पुढच्या चौघांना दिलं का?"

तासाभराने नंबर आला. गणूभाऊ स्वतः खिडकीत बसलेला. "नाना, कशाची नक्कल पाहिजे?"

"नक्कल? काही नको."

"मग काय काम होतं?"

नाना तपकिरीची चिमूट ओढत म्हणाले, "काही नाही. म्हटलं, नंबर लागतो का ते बघून यावं."

आणि गेले घरी.

चल, तू पण जाय आते! माझी पिशवी दे तेवढी. बँकेत पेन्शनीची रांग लागली असंल, आणि मला कोणी पुढं घुसू देत नाही.