कुंकू लावलेली ढेप

आमच्या स्वयंपाकघरात गुळाचे दोन डबे आहेत. एका डब्यात मुलीच्या सासरच्या गुऱ्हाळातला गूळ असतो आणि दुसऱ्यात पेठेतल्या दुकानातला. सासरचा गूळ आम्ही नवराबायको खातो, आल्यागेल्यालाही देतो. दुकानातला फक्त मावशीसाठी. मावशी म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई. नात्याने ती कुणाचीच नाही, पण अख्खी मंडळी तिला मावशीच म्हणते. आमच्याकडे चहाला आली की कप तोंडाला लावण्याआधी ती विचारते, "ह्यो दुकानातला न्हवं?" मी हो म्हणते. दुकानदाराने तो कुठल्या गुऱ्हाळातून आणला, हे मी त्याला कधी विचारत नाही. बाजारात मिळेल ते फार चौकशा न करता खावं, असं बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला सांगून ठेवलंय. हा माणूस स्वतः पिशवी घेऊन बाजारात जात असणार, अशी माझी खात्री आहे.

हे दोन डबे झाले कसे, त्याची हकिगत सांगते.

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि नोकरीही तिकडेच केली. आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवर माईक धरून गाड्या पुकारणारे. निवृत्त झाल्यावर आम्ही रहिमतपूरच्या अलीकडे यांच्या गावी येऊन राहिलो. इथे आमचं छोटं देऊळ आहे. हो, आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. हे तिथले पंच. पंच झाल्यापासून यांचा कणा जरा जास्तच ताठ झालाय, असं मी यांना तोंडावर सांगते.

मुलीने लग्न केलं ते वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, मुलगा फौजेत. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. ना त्याने धर्म बदलला, ना तिने. आमच्या ह्यांनी आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर मला सोपं गेलं असतं. ते तिच्याशी बोलायचेच थांबले. विश्वासाबाहेर जोडी जमवू नये असं पौल सांगतो, हे त्यांचं म्हणणं. मग झालेलं लग्न मोडू नका, नवरा नांदवायला राजी असेल तर नांदा, हेही तोच सांगतो, हे माझं. बिचाऱ्या पौलाला आम्ही तीन वर्षं दोन्ही बाजूंनी ओढत होतो. तिचा फोन आला की हे उठून अंगणात जायचे. फोन ठेवला की आत येऊन विचारायचे, "तिकडं पाऊस हाय का?" मी म्हणायचे, हवामान खात्याला विचारा.

हंगामाच्या सणाला आमच्या देवळात प्रत्येक घरातून पिकातलं पहिलं काहीतरी आणतात. ज्वारी, शेंगा, भोपळा, अंडी, ज्याचं जे असेल ते. प्रार्थना झाली की त्याचा लिलाव होतो. मुलीने हे कधीतरी सासऱ्यांना सांगितलं असणार. व्याह्यांना ते फार आवडलं. त्या साली सणाच्या आधी मुलीचा फोन आला. मामंजी म्हणतायत, आमच्या गुऱ्हाळातली पहिली ढेप तुझ्या देवालाही जाऊ दे, आणू का? मी म्हटलं, आण. ह्यांना मी काहीच सांगितलं नाही. भरल्या मंडळीत ह्यांना तोंड फिरवता येणार नाही, असा माझा हिशेब होता.

रविवारी ती आली. जावई सुट्टीवर होता, पिकअप घेऊन तोच आला. त्याने नवीन पांढऱ्या फडक्यात बांधलेली ढेप खांद्यावरून आणून देवळाच्या ओट्यावर ठेवली आणि गाठ सोडली. पिवळ्याधमक ढेपेवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि वर सुपारी ठेवलेली होती. व्याह्यांना वाटलं असणार, देवाला द्यायचं तर ते बोडकं कसं पाठवायचं?

ओट्यावर माणसं गोळा झाली. एकजण म्हणाला, "पुसून टाकूया की. कुणाला कळतंय?"

"पुसायचं न्हाई," हे म्हणाले. "त्या माणसानं मनापासून लावलंय." मला बरं वाटलं, तेवढ्यात पुढचं आलं. "पण ही ढेप आत जाणार न्हाई."

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पंच म्हणतील तसं, एवढंच म्हणून चष्मा पुसायला घेतला. मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "मूर्ती म्हणजे काही नाही, खाण्यानं माणूस देवाच्या जवळ जात नाही आणि लांबही जात नाही, हे बायबलच्या वर्गात तुम्हीच शिकवता ना? मग गुळाला काय झालं?"

"माझ्यासाठी काय बी झालेलं न्हाई. मी खाईन," हे खालच्या आवाजात म्हणाले. "पण त्याच्या पुढचं वाच. माझ्या खाण्यानं दुसऱ्याचं मन हलत असंल तर मी खाऊ नये. मावशीचं काय?"

हे नाव ऐकून माझा राग आणखी चढला. मावशीची गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. ती जतच्या पलीकडची, कर्नाटकच्या सीमेवरची. लहानपणी तिला देवीला सोडायचं घरात ठरलं होतं. हळदीने कपाळ भरून तिला पाटावर बसवलेलं असताना तिची आई तिला उचलून पळाली, ती मिरजेच्या मिशन दवाखान्यात येऊन थांबली. तिथून मावशी पुढे या गावी आली आणि बाकीचं आयुष्य तिने इथेच काढलं. पण हळदीकुंकू लावलेली खाण्याची वस्तू समोर आली की तिचे हात अजून थरथरतात. मी नर्स आहे, ती थरथर सोंग नाही हे मला कळतं. शेजारणी मला हळदीकुंकवाला बोलावतात, मी जाते, वाण घेते, गप्पा मारून येते. माझं काही बिघडत नाही. पण मी मावशी नाही.

म्हणजे हे बरोबर होते. बरोबर होते आणि तरी माझी मुलगी तिथे रिकाम्या हातांनी उभी होती. ती म्हणाली, "राहू दे आई. आम्ही निघतो." तिने फडक्याची गाठ परत बांधायला घेतली. हे तिच्याकडे न बघता बाजूच्या कडुलिंबाकडे बघत होते.

मावशी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. काठी टेकत ती उठली. ढेपेपासून चार हात लांबच उभी राहिली आणि ह्यांना म्हणाली, "गुळाचं माझ्या नावावर घाल बाबा. मला त्ये बघून आजबी धडधडतंय, खोटं कशाला बोलू? पर पोरीला माझ्यापायी आडवतोयस व्हय?"

हे म्हणाले, "आवं मावशी, तिला कोण आडवतंय?"

"तीन वर्सं आडवलंयस. मी काय आंधळी हाय? गूळ मला चालत न्हाई, पोरगी चालती. तिचं माझ्या नावावर नगं घालू. त्ये तुझं तू बघ."

हे खाली बघत राहिले. माझ्या मनात जी भांडणं तयार होती ती सगळी विरून गेली, कारण मीसुद्धा गूळ आणि मुलगी एकाच गाठीत बांधून आणली होती. मावशीने ती गाठ सोडून दोन्ही वेगळं करून दाखवलं.

मग हे जावयाकडे वळले. "ढेप आपल्या घरी ठेवून या," ते म्हणाले. "किल्ली हिच्याकडं हाय. दुपारी आपण सगळी मिळून खाऊ. वडलांना सांगा, गूळ पोचला, लय चांगला हाय." जावयाने फौजेत करतात तशी मान हलवली आणि ढेप उचलली.

घंटा झाली, माणसं आत गेली. आमच्या घरची भेट म्हणून मी एक कोंबडी आणली होती, पाय बांधलेली. ती माझ्या हातात इतकी फडफडत होती की माझी साडी सुटायची वेळ आली. हे आत जाता जाता थांबले आणि मुलीला म्हणाले, "कोंबडी तू धर. तुझ्या आईला आवरत न्हाई." तीन वर्षांनी बाप लेकीशी बोलला तो हे बोलला. तिने माझ्याकडून कोंबडी घेतली. तिचे डोळे भरले होते, पण कोंबडी तिच्या हातात गप्प बसली.

भेटी आणताना पंच टेबलाजवळ उभे राहतात आणि कुठली वस्तू कुणाच्या घरची ते मोठ्याने सांगतात, म्हणजे लिलावात घोळ होत नाही. स्टँडवर गाड्या पुकारायच्या त्याच आवाजात हे एकेक घर पुकारत होते. आमची पाळी आली. मुलगी कोंबडी घेऊन पुढे गेली, आणि यांचा आवाजच फुटेना. सगळी मंडळी वाट बघत होती. मावशीने काठी आपटली.

"अण्णा, सांगा ना," मुलगी हळूच म्हणाली.

"आमच्या घरच्या," ते म्हणाले. "दोघीबी."

मंडळीत हशा पिकला. हे हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून कोंबडी घेतली आणि पुढचं घर पुकारायचं विसरून तिच्याकडे बघत उभे राहिले.