टोल्यातली अनसाबाई

"ही अनसाबाई नाई," मैनाबाई मांडवात उभी राहून म्हणाली, आणि तिला खाली बस असं कोणी म्हटलं नाही. अनसूया, लोकांची अनसाबाई, माझ्या पुढ्यात, माइकसमोर बसलेली होती. तिसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला होता. ती पाण्याचा घोट घेत होती, तेवढ्यात हे. मागची माणसं माना उंच करून तिच्याकडे बघायला लागली, बाजारात बैल बघतात तशी. मैनाबाई पुढे आली. तिच्या कडेवर टेप होता, लेकरासारखा धरलेला. "बाई, तू बी चांगलीच हायेस," ती अनसूयाला म्हणाली, "तुले जेवू घालूनच पाठवू. पन आमी अनसाबाईले बोलावलं व्हतं." असं म्हणून तिनं टेप माइकपुढे ठेवला आणि बटण दाबलं. अनसूयाला तिच्या तोंडावर तिचीच कॅसेट ऐकवली. येताना बैलबंडीत ती मला म्हणाली होती की या टोला गावानंही नाही म्हटलं तर आजपासून गाणं बंद, पुन्हा माइकला हात लावणार नाही. बोललेलं करणारी बाई होती ती. त्यामुळे मैनाबाईनं बटण दाबलं तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या पिशव्या भरायला घेतल्या होत्या.

अनसूयाला जाऊन आता महिना होत आला. सकाळी भाजी निवडता निवडता गेली. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. पेपरात चार ओळी आल्या, त्यात 'उंच स्वराची गायिका' असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं तिला तरुणपणी ऐकलं असेल, त्याला दोष देत नाही. पण ते अर्धंच झालं. राहिलेलं अर्धं टोल्याच्या मांडवात घडलं आणि मी तिच्यामागे कोरसला बसलेली होते, म्हणून हे लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. गेलेल्या माणसाला देव करायची मला सवय नाही. अनसूया रागीट होती, चहात साखर फार घालायची, आणि स्वतःचं कौतुक ऐकायला कुठेही चालत जायची.

आम्ही दोघी चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, एकाच वस्तीत वाढलो. तिचा आवाज लहानपणापासून उंच. जयंतीला ती विहारासमोर उभी राहायची तेव्हा माइक नसला तरी चालायचं. पेटी काळी पाचच्या उंच पट्टीत, तिचा धाकटा भाऊ श्रावण पेटीवर, मी आणि आणखी एकदोघी मागे. ती वर गेली की लोक उभे राहायचे, टोप्या उडवायचे. मूल गावच्या भातगिरणीतले हमाल पाठीवरचं पोतं खाली न ठेवता ऐकत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. शब्द किती जणांना कळत होते देव जाणे... मी मागे बसून म्हणायची, तरी मलाही कधीकधी कळायचे नाहीत. पण आवाज असा, की अंगावर काटा यायचा.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाठ काढली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. सुरुवातीला तर ती खुणेनंच बोलायची. रागीट माणसानं खुणेनं भांडायचं म्हणजे काय ते मी बघितलंय. ताट आपटायची. पुढे हळूहळू आवाज आला, पण जाडाभरडा आणि थोडासाच. काही वर्षं तिनं गाण्याचं नाव काढलं नाही. जयंतीला घरात दार लावून बसायची. लोकांनी दुसऱ्या गायिका आणल्या, त्यांना डोक्यावर घेतलं. लोकांचं असंच असतं, त्यात रडण्यासारखं काही नाही.

तेवढ्यात कॅसेटींचं वेड आलं. चंद्रपुरात पानठेल्यावर, शिंप्याच्या दुकानात, ऑटोत, जिथे तिथे टेप वाजायला लागला. नागपूरच्या एका कॅसेटवाल्यानं अनसूयाला बोलावलं. जुनी गाणी, जुन्याच सुरात पाहिजेत म्हणाला. लोक तीच मागतात. श्रावणनं विचारलं, पट्टी जरा खाली घेऊ का? तो नाही म्हणाला आणि अनसूयाही नाही म्हणाली. काळी पाचशिवाय ती अनसाबाई कसली! कॅसेट निघाली. कागदावर फोटो ऑपरेशनच्या आधीचा, जाड वेणीचा.

ती कॅसेट आली तेव्हा वस्तीत काय धुमाकूळ होता म्हणून सांगू! ज्यांच्याकडे टेप नव्हता ते टेपवाल्याच्या दारात जाऊन बसले. आणि मग मतं सुरू झाली. शिंपी म्हणाला, तार तुटली. त्याची बायको म्हणाली, तुटली तरी आपलीच तार आहे, गप ऐक. दोघांचं त्यावरून भांडण झालं आणि कोणाचंतरी ब्लाउज उलटं शिवलं गेलं. मूलच्या गिरणीत पाखडणाऱ्या बायकांनी एक गाणं ऐकलं, त्यातली एक म्हणाली, "लुगडं सावरत शिडी चढल्यावानी गाऊन राह्यली. आता पडते का मंग पडते, त्यातच आपला जीव जाते." हे मला सगळ्यात नेमकं वाटलं. काहींनी तर कॅसेट परत नेऊन दिली. म्हातारे म्हणत, काऊन गायली, लोकांच्या आठवणीत चांगली होती ना. अनसूयानं मला विचारलं, "भागे, तू सांग. तू खोटं नाई बोलत." मी म्हटलं, "चिरकतेस." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग स्वतःच चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मले बी तसंच वाटलं व्हतं."

पावसाळा संपल्यावर एक पोरगा तिला शोधत आला. कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्याचं गाव वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्याही पुढे जंगलात. गावाला सगळे नुसतं टोला म्हणायचे. पावसाळ्याच्या तोंडी त्यानं आईसाठी टेप आणि ही एकच कॅसेट नेऊन दिली होती. मग नाले भरले, बस बंद झाली, आणि दिवाळीपर्यंत टोला तिकडेच अडकला. रस्ता सुटल्यावर तो घरी गेला तर काय, आख्खा टोला या कॅसेटीवर जगत होता. बायका धानाच्या रोवणीवरून आल्या की चिखलाच्या पायांनी त्याच्या अंगणात बसायच्या, एक नाहीतर दोन गाणी ऐकायच्या, डोळे पुसायच्या आणि घरी जायच्या. "बाई, माय म्हनते असा आवाज आमी कधी आयकलाच नाई," तो म्हणाला. "धान निंघाले का तुमी याच." अनसूया तेव्हा पीठ मळत होती. तशाच पिठाच्या हातांनी उठली आणि शिंप्याच्या दुकानात जाऊन सांगून आली, की बाबा, पलीकडे माणसं आहेत जी रडतात.

धान निघालं आणि आम्ही निघालो. गडचिरोलीपर्यंत बस, तिथून दुसरी बस, मग बैलबंडी. अनसूया वाटभर पोरीसारखी बडबडत होती. श्रावण पेटी मांडीवर घेऊन बसलेला, धक्का बसला की 'जप' म्हणायचा तो पेटीला, बहिणीला नाही. तेव्हा त्या भागात रात्रीच्या कार्यक्रमाला परवानगी मिळत नसे, म्हणून दुपारचा मांडव होता, खळ्याच्या जागेवर. माइक आणि बॅटरी भाड्यानं आणलेली. आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले होते. बायका नवं लुगडं नेसून, झाडाखाली गोंडांची माणसं, पुढे लेकरं. मी तिच्याकडे बघितलं तर ती गाण्याआधीच अर्धी गायलेली होती, इतकी खूश.

आणि मग तिनं काळी पाचमध्ये सुरुवात केली. पहिल्या ओळीलाच मांडवात कुजबुज झाली. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एक लेकरू हसलं, त्याला चापट बसली. अनसूयाला वाटलं लोकांना ऐकू येत नाही, म्हणून तिनं आणखी जोर लावला, आणि फाटली. पुढचं तुम्हाला सांगितलंच. मैनाबाई म्हणजे त्या खाणीतल्या पोराची आई. तिला वाटलं, पोराला शहरात कोणीतरी फसवलं, दुसरीच बाई गळ्यात मारली. वेणीवाल्या फोटोशी तोंडही जुळत नव्हतं.

टेपमधून जे आलं ते मी आजही विसरले नाही. गाणं तेच, शाळेच्या दारात पोरीला सोडून बाहेर भिंतीला टेकून बसलेल्या आईचं. पण सावकाश. आवाज जड, खोल, विहिरीतून आल्यासारखा. चिरकणं नाही, काही नाही. एकेक शब्द पाय रोवून चाललेला. मी ते गाणं जन्मभर मागून म्हटलं होतं, पण त्या आईच्या मांडीवर पोरीची पाटी आहे, आणि ती पाटी ती उलटी धरून बसली आहे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं...

मला कळलं काय झालंय ते. श्रावणलाही कळलं, तो टेपकडे बघून हसणार होता, मी त्याला कोपर मारलं. टोल्यात लाईट नव्हती. टेप सेलवर चालायचा. पावसाळाभर नवे सेल आले नव्हते, म्हणून मैनाबाईची सून, हे नंतर कळलं, सेल चुलीजवळ शेकून शेकून घालायची. सेल रोज थोडे मरत होते, टेप रोज थोडा हळू फिरत होता, आणि हळू फिरला की आवाज खाली उतरतो. हे रोज इतकं थोडं थोडं झालं की गावाला पत्ताच लागला नाही. दुसरी कॅसेट नव्हतीच, तर ताडून बघणार कशाशी? रस्ता सुटल्यावरही तो आवाजच त्यांना ठीक वाटत होता, नवे सेल कोण कशाला आणील.

अनसूयाला हे कळलं की नाही, मला त्या क्षणी माहीत नव्हतं. मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही. टेपकडे सरकली, कान दिला, दुसऱ्या बाईचं ऐकावं तसं. मग तोंडातल्या तोंडात त्या आवाजाबरोबर म्हणायला लागली. तो ऑपरेशननंतरचा तिचा बोलायचा जाडाभरडा आवाज होता, त्यात तिनं कधीच गायलं नव्हतं. तिला त्याची लाज वाटायची. श्रावणनं पेटीवर बोटं खाली खाली नेली आणि काळी तीनवर थांबला. माइक तिच्यापासून हातभर लांब होता, त्यामुळे लोकांना टेपच ऐकू येत होता. शेवटच्या कडव्यात सेलनं जीव सोडला. आवाज लांबत लांबत घरघर झाला आणि थांबला. बायका हळहळल्या. आणि जिथे टेप थांबला त्याच शब्दावरून अनसूया पुढे निघाली, तसंच सावकाश, तसंच खाली. मला कोरस धरायचं सुचलं नाही. मी नुसती बघत बसले.

कडवं संपलं. मैनाबाई अजून उभीच होती. तिनं टेप उचलला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "हा. आता आली."

मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबेना. तीच गाणी परत, खालच्या पट्टीत, एक झालं की दुसरं. बायका पुढे सरकत सरकत इतक्या जवळ आल्या की श्रावणला पेटीचा भाता हलवायला जागा उरली नाही. एकीनं अनसूयाच्या गळ्यावरच्या टाक्यांच्या खुणेला हात लावला, "दुखते का बाई?" विचारलं, आणि उत्तर न ऐकताच रडायला लागली. उजेड होता तोवर आम्हाला कोणी उठू दिलं नाही. जेवताना सुनेनं चुलीची आणि सेलची गोष्ट सांगितली तेव्हा अनसूया इतकी हसली की भात अंगावर सांडला. परतताना बंडीत मला म्हणाली, "भागे, नागपूरच्या त्या मानसाले नाई समजलं, मले नाई समजलं, तुले बी नाई समजलं. मेलेल्या सेलाले समजलं."

चंद्रपुरात ती पुढच्या जयंतीला काळी तीनमध्ये गायली. सगळे खूश झाले असं नाही. तरुण पोरं उठून गेली, त्यांना नाचायला जमेना. शिंपी म्हणाला, आवाज असा असता तर मीही गायक झालो असतो. त्याची बायको मात्र पुढच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि दुसऱ्या दिवशी शिंप्यानं दुकानात मुकाट्यानं तिचीच गाणी गुणगुणली, हे मी स्वतः ऐकलं. गिरणीतली ती शिडीवाली बाई म्हणाली, "उतरली एकदाची, बरं झालं." मला विचाराल तर जुना आवाज मोठा होता, तसा परत झाला नाही आणि होणार नाही. पण नव्या आवाजात शब्द कळायचे. आमच्या गाण्यांत शब्दच तर आहेत. शेवटपर्यंत ती तशीच गायली, गेली त्याच्या आदल्या आठवड्यातही मूलला गाऊन आली होती.

तिच्या पुण्यानुमोदनाला टोल्याच्या बायका आल्या, बस बदलत. मैनाबाई आता वाकली आहे. म्हणाली, गावात लाईट आली, पोरानं टेप लाईटवर लावला, तर आतून कोणी दुसरीच बाई निघाली, म्हणून बंद करून ठेवला. त्यांना गरजही नाही. त्या रोवणीत ती गाणी स्वतःच म्हणतात, खाली, सावकाश. त्यांच्या सुनांना ती कधी वरच्या पट्टीत होती हेच माहीत नाही. विहारात त्यांनी आईचं गाणं म्हटलं. मी कोरस धरला.

त्या दुपारी टोल्याच्या मांडवात गायला बसलेले आम्ही तिघं होतो. श्रावण दोन उन्हाळ्यांमागे गेला. अनसूया गेल्या महिन्यात गेली. मी आहे.