बापूरावांकडून फाटक उघडवणारी कुंता

आमच्या सिमेंट कारखान्याच्या वसाहतीला वीस वर्षं झाली, तेव्हा तिच्या इतिहासाची पुस्तिका मी लिहिली. मी तिथल्या शाळेत मास्तर. 'ओसाड नदीकाठी फुललेलं नंदनवन' असं खुशाल लिहून टाकलं. ओसाड कसलं डोंबलाचं! आज बाग आहे तिथून ढिवरांची वाट होती, त्यांच्या टोल्यापासून, म्हणजे वस्तीपासून, थेट वर्धा नदीच्या घाटापर्यंत. सगळं ठाऊक असून मी भित्र्यासारखा गप्प बसलो. पुस्तिकेत कुंताचं नाव नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नव्वद साली कारखान्यानं त्या वाटेवर बाग केली, भोवती भिंत घातली आणि नदीकडच्या फाटकाला कुलूप ठोकलं. किल्ली सुरक्षा अधिकारी बापूरावांकडे. हे गृहस्थ शेजारच्याच गावचे, ढिवरांनी धरलेले मासे खाऊन वाढलेले. पुढच्या उन्हाळ्यात घाटावर जाळं वाळवताना कुंताच्या नवऱ्याला, इस्तारीला, साप चावला. भर दुपारी चौघांनी त्याला बाजेवर घालून फाटकाशी आणलं. बागेतून सडक दोनशे पावलांवर होती, भिंतीला वळसा घालून तीन किलोमीटर.

"भाऊ, फाटक उघडा! माणूस मरून राह्यला!" कुंता ओरडली.

"वरून ऑर्डर नाई. फिरून जा," बापूराव आतून म्हणाले.

इस्तारी त्या वळशातच गेला.

तेरवी आटोपली आणि कुंतानं कोरपन्याच्या तहसील कचेरीत अर्ज दिला. आमची वाट होती, फाटक उघडं पाहिजे, एवढंच मागणं. कारखान्यानं तिला बागेत झाडलोटीचं काम देऊ केलं. निरोप आणणाऱ्याला तिनं दारातूनच हाकललं. सहा वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे तहसीलदार जागा पाहायला आले.

"इथी वाट कधीच नव्हती, साहेब," बापूराव छातीठोकपणे म्हणाले.

तहसीलदारांनी हिरवळीकडे पाहिलं. सकाळी फिरणाऱ्यांसाठी टाकलेली फरशी टोल्याच्या बाजूनं निघून नदीच्या फाटकापर्यंत तिरपी गेली होती. "ही अशी तिरपी का?" त्यांनी विचारलं.

श्रावण माळी भोळा माणूस. "तीनदा गवत लावलं, साहेब. एवढ्या पट्ट्यात जमतच नाई. ढिवरं चालून चालून जमीन दगडावानी झाली. मंग बापूराव भाऊच म्हणाले, फरशी टाकून दे."

बापूरावांचा चेहरा पांढराफटक पडला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

निकाल लागला. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत फाटक उघडं ठेवायचं, जबाबदारी सुरक्षा अधिकाऱ्याची. दुसऱ्या सकाळी कुंता मासळीची टोपली डोक्यावर घेऊन घाटाकडून आली. चौकीदारानं फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. तिनं ते स्वतः ओढून बंद केलं आणि बाहेर उभी राहिली.

"ज्याची जबाबदारी, त्याले बोलाव."

बापूराव हातातला चहा टाकून आले. त्यांनी फाटक उघडलं, ती त्यांच्यासमोरून फरशीवरून चालत गेली. फिरायला आलेल्या साहेबांच्या बाया नाकाला पदर लावून पाहत राहिल्या. असं रोज. सहा वर्षं रोज! बापूराव तापानं फणफणले असतानाही तिनं निरोप धाडला आणि ते घोंगडी पांघरून आले. लोक म्हणायचे, बाई अतीच करते. मी म्हणतो, तिनं कमीच केलं.

दोन हजार तीन साली बापूराव निवृत्त झाले. निरोपसमारंभ उरकून गळ्यातल्या हारासकट ते फाटकाशी आले. कुंता उभीच होती. त्यांनी फाटक उघडलं आणि हात जोडले.

"कुंताबाई, आता तरी माफ करा मले. तो दिवस मले झोपू देत नाई."

कुंतानं टोपली खाली ठेवली. माझ्या मनात आलं, आता विरघळणार ही. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नोका झोपू, भाऊ," ती म्हणाली. "बारा वर्षं झाले, मी बी झोपली नाई."