चावणारे सर

"चावलो बरं का!" असा टेबलाखालून आवाज यायचा, तोवर कपडे वाळत घालायचा चिमटा पायाला लागलेला असायचा. मग आमचे सर गुडघा चोळत बाहेर यायचे आणि जपानी रिवाजाप्रमाणे कमरेत वाकून चावल्याबद्दल माफी मागायचे.

जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या संस्थेतून अॅमेझॉनच्या जंगलात जायचं तर सरांची परीक्षा पास होऊन त्यांची सही मिळवावी लागे. सर मूळचे साताऱ्याचे, सापांचे अभ्यासक. निम्मं आयुष्य त्या जंगलात गेलेलं. व्याख्यान देणं त्यांना मान्य नव्हतं. "ऐकून कोण शहाणं झालंय?" संस्थेचा कॉरिडॉर म्हणजे जंगल, गुंडाळलेली सतरंजी म्हणजे आडवं पडलेलं झाड आणि सर स्वतः फेर-दे-लान्स, तिथला जहाल विषारी साप. एकदा ते चुकून आमच्या संचालकांनाच चावले. संचालक घाबरून जागच्या जागी बसले. "शाब्बास! पळाले नाहीत," म्हणून सरांनी त्यांना तिथेच पास केलं.

मी मात्र नापास होत राहिले. नेचे, म्हणजे फर्न, गोळा करायला निघालेली मी, सतरंजी सरळ ओलांडायची.

"ओलांडू नकोस गं! आधी वर पाय ठेव, पलीकडे बघ, मग उतर."

पुढच्या खेपेला चावल्यावर मी रुमाल काढला.

"बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हलायचं नाही आणि दवाखाना गाठायचा."

"न हलता कसा गाठू, सर?"

"बाकीचे उचलून नेतील. म्हणून सगळ्यांशी गोड बोलावं माणसानं."

विमानाची तारीख जवळ आली, तरी सही होईना. मी रडकुंडीला आले. "सर, माझं वर्ष बुडेल हो."

"वर्ष बुडू दे," सर म्हणाले. त्या दिवशी ते अजिबात हसत नव्हते.

सही शेवटी मिळाली. जंगलात एका पडलेल्या झाडावर मी पाय ठेवला, पलीकडे पाहिलं. वाळक्या पानांत तो वेटोळं घालून बसला होता. मी हळूच मागे आले. सरांना हे कधी एकदा सांगते असं झालं होतं.

परत आले तेव्हा सर गेले होते. झोपेतच गेले म्हणे.

आता प्रशिक्षणाचा व्हिडिओ असतो. शेवटी सोपे प्रश्न. परवा पुण्याहून आलेली एक मुलगी कॉफी पिता पिता पास झाली. सगळेच पहिल्या खेपेला पास होतात. त्यांना नापास करणारं कुणी उरलेलं नाही.