बाटलेला लोटा

तमाम सज्जन स्त्री-पुरुषांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात, कामरगावाजवळच्या एका खेड्यात, भर दुपारी, सर्वांच्या डोळ्यांदेखत एक पितळी लोटा बाटला. तातडीने उपचार मिळाल्यामुळे लोटा बचावला. मुलगी बचावली नाही.

मी तिथंच होतो. त्या लोट्याला आधी माझंच तोंड लागलं होतं.

माझ्या जन्माच्या सुमारास आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. गावाला मात्र ही बातमी अजून पोचायची होती. त्यामुळे मालकाच्या शेतात कापूस वेचताना आम्हाला पाणी जुन्याच पद्धतीनं मिळे: आपण वाकून ओंजळ धरायची, वाढणाऱ्यानं हात उंच करून वरून धार सोडायची. अर्धं पाणी कोपरावरून जमिनीला. जमीन बाटत नसे.

ही मुलगी त्याच मालकाची लेक. आम्ही दोघं मॅट्रिकला, एकाच वर्गात, शाळा कामरगावला, वाट पायी. गाव मागं पडलं की आम्ही एकत्र चालायचो. वाटेत नाला होता. तिथं वाळू उकरली की झिऱ्यात पाणी साचे. डब्याच्या झाकणात ते घेऊन आधी मी प्यायचो, उरलेलं ती. आमचं सगळं प्रेम म्हणजे तेवढंच. मॅट्रिक झालं की दोघांनी अकोल्याला शिकायला जायचं, तिथं कोण कुणाला ओळखतंय, असा बेत होता. पेपर देणं एवढंच मधे होतं.

गावात मात्र आम्ही असा अभिनय करायचो की जत्रेतल्या तमाशावाल्यांनी शिकवणी लावावी. ती हात उंच करून धार सोडायची. मी मान खाली घालून ओंजळीनं प्यायचो. कधी कधी ती मुद्दाम नाकात पाणी सोडायची. मी ठसकलो की तिची आत्या खूष व्हायची.

त्या दिवशी कापसाची पहिली वेचणी होती. पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. म्हणून मालकाच्या घरची सगळी मंडळी बांधावर हजर. ती लोटा घेऊन आली आणि आल्या आल्या भूमितीच्या एका प्रमेयावरून माझ्याशी भांडायला लागली. अभ्यासाचं बोलायला मनाई नव्हती. भांडण रंगलं. ती म्हणे कोन समान, मी म्हणे सिद्ध कर. आणि बोलता बोलता तिनं लोटा माझ्या हातात दिला. मी तोंडाला लावला, अर्धा प्यायलो, परत दिला. उरलेलं ती गटागटा प्यायली, ओल्या हातानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चुकलाच हायेस तू."

आजूबाजूचे वेचणारे हात एकाएकी थांबले, तेव्हा आम्हाला कळलं.

"अवं माय वं!" आत्या ओरडली. "त्याचं उष्टं पेली हे पोट्टी! सवयीनं पेली, दादा, सवयीनं!"

बाई हुशार होती. एकदा चुकून झालेली गोष्ट आणि रोजची गोष्ट यातला फरक तिनं बरोबर ओळखला. मालकांनी बांधावरच पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ केला. लोटा त्यात टाकला. तो लाल होईपर्यंत सगळे उभे होते. मग आत्याच म्हणाली, "लोटा इस्तवात घालून सुद्द होते, दादा. हिले कायच्यात घालतं?"

राखेनं घासून संध्याकाळपर्यंत लोटा पुन्हा कुलीन झाला. तिची शाळा दुसऱ्या दिवशीच सुटली. दूरचा मुलगा पाहिला, परीक्षेच्या आधीचा मुहूर्त धरला. तिनं पेपर दिले नाहीत, हे आत्ताच सांगून टाकतो. तुम्हाला आशेवर ठेवून मला काय मिळणार?

इकडे मालकानं आमच्या वस्तीची वेचणी बंद केली. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, माझ्या आईनं जाऊन माफी मागायची. तिला वाक्य पाठ करून दिलं: 'लेकराचं चुकलं मालक, पदरात घ्या.' वाटभर ती ते पुटपुटत होती, आणि अडखळली की मी पुढचा शब्द सांगत होतो. घरी तिनं मला आधीच पऱ्हाटीच्या काडीनं झोडपलं होतं, त्यामुळे आमचे सूर-ताल चांगले जमले होते.

मालक ओट्यावर बसले होते. आम्ही अंगणाबाहेर. आत दारापाशी ती तूर निवडत होती; मान वर नाही. वर्गात ती पहिली आणि मी दुसरा येई, आणि त्यावरून मी दरवर्षी घरात आदळआपट करी, त्यामुळे माझ्या अंगठाछाप आईला त्या पोरीचे मार्क माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. आईनं पदर डोक्यावर ओढला. हात जोडले. "लेकराचं..." म्हणाली, आणि तिची नजर दाराकडे गेली. मी हळूच पुढचा शब्द सांगितला. तिनं ऐकला नाही.

"मालक, लगन मंग करजा वो, आंदी पोरीले मॅट्रिकचे पेपर त देऊ द्या!"